विठाबाई कधी गेल्या?

मोरीतला नळ खाकरला.

दुपारची वेळ. अक्षदा नुकतीच झोपली होती. शिरगावच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात इतकी शांतता होती की नेत्राला पुस्तकाचं पान उलटायचीही धास्ती वाटत होती. पान जुनं, कडेला बिस्किटासारखं तुटणारं. तेवढ्यात नळाने दोनदा घसा साफ केला, हवा सोडली आणि रिकाम्या बादलीत धो धो पाणी पडायला लागलं. आज खरं तर पाण्याचा दिवस नव्हता.

नेत्रा धावली. बादली सरकवली, नळाला फडकं बांधलं, पाणी आवाज न करता भरायला लागलं. मागे वळली तर अक्षदा गादीवर उठून बसलेली.

"आई, काम झालं?"

"नाही गं राणी. झोप अजून थोडं."

"मी झोपल्यावरच तुझं काम का असतं?"

याचं उत्तर सोपं होतं. ती जागी असली की काम होत नसे.

नेत्राचं काम जुनी पाककृतींची पुस्तकं शोधायचं. नुसती जुनी नव्हेत, हक्क संपलेली. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं पुस्तकावर वारसांचा हक्क राहतो. ती सरली की ते सगळ्यांचं, कुणीही पुन्हा छापावं. लग्नाआधी ती दादरला एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. तिथला तिचा सहकारी विनीत याने आता स्वतःचं छोटं प्रकाशन काढलं होतं आणि जुन्या स्वयंपाकाच्या पुस्तकांची एक माला करायचं त्याच्या मनात होतं. पुस्तकं हुडकायची, शेर-छटाकांचे ग्रॅम करायचे, आता कुणाला न कळणारे शब्द उलगडायचे, हे सगळं नेत्राने घरी बसून करायचं.

पण पहिल्या पुस्तकाच्या लेखिका बऱ्याच उशिरा वारल्याचं निघालं. दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात झाली आणि लेखकाच्या नातवाची नोटीस येऊन पडली. विनीतने फोनवर आवाज न चढवता सांगितलं, "नेत्रा, तिसरं फसलं तर माला बंद. मला परवडत नाही गं."

माला बंद म्हणजे पुन्हा दादर. म्हणजे सकाळी सातला घर सोडायचं आणि रात्री आठला शिरायचं, आणि शाळा सुटल्यापासून अक्षदा पाळणाघरात. नेत्राच्या नवऱ्याने, महेशने, पाळणाघराचा नंबर फ्रिजवर चिकटवूनही ठेवला होता. तो वाईट नव्हता. घराचे हप्ते कुणालाच चुकत नव्हते. पण पाणी प्यायला फ्रिज उघडताना नेत्रा त्या नंबराकडे बघत नसे.

तिसरं पुस्तक तिला उल्हासनगरात मिळालं, कॅम्प चारमधल्या जितेशच्या रद्दीच्या दुकानात.

"ताई, तुमच्यासाठी बाजूला काढलंय," जितेश वजनकाट्यावरून म्हणाला. "खाने का है. एक पण फोटो नाही. कौन लेगा?"

"मीच घेणार."

"तेच बोललो मी. आमच्या मम्मीला वाचून दाखवलं, तर ती म्हणते यात बटाटा कुठाय? बटाट्याशिवाय माणसं जगत होती काय?"

"कुठनं आलं हे?"

"चामटोली. जुनं घर तोडलं ना तिकडे, बिल्डिंग बांधतायत. टेम्पो भरून माल आला."

'शेतघरचा स्वयंपाक'. लेखिका व प्रकाशिका सौ. विठाबाई महिपती म्हसकर, मु. चामटोली. सन १९३८. नेत्राने ते रिक्षातच वाचायला घेतलं आणि घर येईपर्यंत विठाबाईंच्या प्रेमात पडली. बाई मापं सांगता सांगता मधेच बोलायच्या. 'भाकरी मोडली तर रडू नये. दुधात कुस्करून मुलांस द्यावी, त्यांस ती मोडलेलीच आवडते.' 'मुले भुकेली असता नवा पदार्थ करून पाहू नये, मी पाहिला आहे.' त्या 'मी पाहिला आहे'वर नेत्रा एकटीच हसली, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

पुस्तक कधी छापलं ते पहिल्याच पानावर होतं. बाई कधी गेल्या ते कुठेच नव्हतं. ग्रंथालयांत नाही, कोशांत नाही. गावातल्या एका सुनेचं मरण कोण छापून ठेवणार? नेत्राने दोन आठवडे शोधलं आणि शनिवारी अक्षदाचा हात धरून, केळ्यांची फणी घेऊन चामटोली गाठली.

'घर तोडलेले म्हसकर' विचारल्यावर लगेच पत्ता लागला. बांधकामाच्या समोरच बिल्डरने भाड्याने घेऊन दिलेल्या दोन खोल्या होत्या. दारात सिमेंटची धूळ आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर मोतीबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, नजर कामगारांवर.

"आजी, विठाबाई म्हसकर तुमच्या कोण?"

"सासू. पण मी पाहिली नाही गो. मी सत्तर साली आले या घरात, तेव्हा सासू-सासरे दोघंही भिंतीवर होते." त्यांनी हाताने फोटो दाखवला. हवेतच, कारण ती भिंत आता नव्हती. "तू कोण? बँकेची?"

नेत्राने पुस्तक दाखवलं. मोतीबाईंनी ते हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. "हे होतं माळ्यावर. नातवानं दिलं असेल रद्दीत. तो मोबाइल सोडून काय वाचत नाही." मग मान वर करून, "बरं मग?"

"त्या गेल्या कोणत्या साली, ते हवं होतं."

"फार आधी."

"फार म्हणजे किती, आजी?"

"फार म्हणजे फार."

नेत्राने बाजूला जाऊन विनीतला फोन लावला. सत्तरच्या आधी हे नक्की, एवढं सांगितलं. विनीत म्हणाला, "सत्तर नाही चालत. पासष्टच्या आत गेल्या असतील तरच पुस्तक मोकळं. अडुसष्टला गेल्या असतील तर? परत कुठला तरी नातू उठेल."

"त्या म्हणतात फार आधी."

"माझी आई मला अजून फार लहान म्हणते, नेत्रा. कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. कागदावर नाहीतर दगडावर, पण लिहिलेलं."

ती परत आली तेव्हा अक्षदा मोतीबाईंच्या खुर्चीला टेकून आईनेच आणलेलं केळं खात होती. नेत्राचा चेहरा बघून मोतीबाई म्हणाल्या, "साल नाही सांगता यायचं, पण तिथी विचार की. नवमी. पितृपक्षातली अहेव नवमी. दर वर्षाला पान वाढते मी तिला. अळूवड्या, भात, खीर. अळूवड्या तर पहिल्या. साल विसरले म्हणून उपाशी नाही ठेवली तिला."

नेत्रा 'बरं' म्हणून उठणारच होती, आणि अर्धवट उठलेलीच थांबली. अहेव नवमी. नेत्राच्या सासरी आजेसासूबाईंचं पान सर्वपित्रीला असे आणि चुलतसासूबाईंचं नवमीला. का, ते तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. नवमीचं पान त्याच बाईचं, जी कुंकवानिशी, नवऱ्याच्या आधी जाते.

"आजी, म्हणजे सासरे नंतर गेले?"

"नंतरच. नाहीतर नवमीला कशाला वाढलं असतं?"

"आणि सासरे कधी गेले?"

"ते मला काय विचारतेस? घंटेला विचार."

"कुणाला?"

"अगो, मारुतीच्या देवळातली घंटा! सासऱ्यांच्या नावानं थोरल्या दिरांनी दिली, वर्षश्राद्धाला. सासरे शाळामास्तर होते ना, गावानं वाजतगाजत आणली म्हणतात. तिच्यावर सगळं कोरलंय. जा, दार उघडंच असतं."

देऊळ हाकेच्या अंतरावर होतं. नवी फरशी, नवा रंग, घंटा तेवढी जुनी. अक्षरांवर इतका तेलकट काळा थर बसला होता की नेत्राने ओढणीच्या टोकाने खसाखसा पुसलं. नाव दिसायला लागलं, पण साल पलीकडच्या बाजूला, उंचावर. तिने अक्षदाला उचलून खांद्यावर घेतलं.

"वाच बघू. काय लिहिलंय?"

"आई, पहिला नाइन आहे."

"तो नाइन नाही, मराठीतला एक आहे. पुढे?"

"मग नऊ. मग सहा. मग परत तो एक."

नेत्राने स्वतः टाचा उंचावून पाहिलं. 'कै. महिपती गोविंद म्हसकर यांचे स्मरणार्थ. सन १९६१.' नवरा एकसष्टला किंवा त्याच्या आत गेलेला. विठाबाई त्याच्याही आधी. साठ वर्षं कधीच उलटून गेली होती.

"आधीच गेल्या!" तिने अक्षदाच्या पायाची पापी घेतली, तिला तसंच खांद्यावर घेऊन गिरकी मारली. "अक्षू, त्या आधीच गेल्या गं! आई आता घरीच काम करणार. दादरबिदर काही नाही!" अक्षदाला एवढंच कळलं की आई खूश आहे. तिने घंटा वाजवली. दोनदा.

विनीतने फोनवर सगळं ऐकून घेतलं.



"माझ्या आजीचं पण नवमीलाच असतं. पण मला हे सुचलं नसतं." मग तो प्रकाशकाच्या आवाजात म्हणाला, "घंटेचा फोटो पाठव. चारी बाजूंनी. आणि त्या आजींकडून नवमीचं बोलून घे, रेकॉर्ड कर. डिसेंबरात छापू."

मोतीबाई बोलायला एका पायावर तयार झाल्या. पदर सारखा केला, मोबाइलकडे बघून घसा खाकरला. "मी मोतीबाई. पत्ता जुना सांगू का नवा?" नेत्राने हसू दाबत हाताने 'कोणताही' अशी खूण केली. त्यांनी दोन्ही सांगितले, आणि मग नवमीचं नीट, एका दमात सांगितलं.

मोबाइल बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता हे पुस्तक छापणार तुम्ही?"

"हो."

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

नेत्राला खोटं बोलता आलं असतं. "तरी छापता येतं, आजी. आता त्यावर कुणाचाच हक्क नाही."

"मग तू मला विचारायला आलीस ते काय?"

"साल."

"साल!" मोतीबाईंनी कपाळावर हात मारला. "पन्नासच्या वर पानं वाढली मी तिला, आणि ही पोरगी तिचं साल विचारायला येते. बरं, वाचून तरी दाखव काय लिहिलंय ते. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा कुठल्या खोक्यात गेलाय ते त्या मारुतीलाच ठाऊक."

नेत्राला लाज वाटली आणि बरंही वाटलं. काय वाचावं? अळूवड्यांचं पान तिने मुद्दाम काढलं, आजींना आवडेल म्हणून. विठाबाईंनी लिहिलं होतं, 'अळू बाधते त्यांनी चिंच दुप्पट घालावी. मला स्वतःला ते फार बाधते, घसा सुजतो, सबब मी वडी चाखतही नाही. मिठाचे मुलांस विचारते.'

वाचून झाल्यावर नेत्राच्या लक्षात आलं आपण काय वाचलं ते. तिने भीत भीत वर पाहिलं.

मोतीबाईंचं पोट हलायला लागलं. मग खुर्ची. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं. "अगो बाय माझे! पहिल्या अळूवड्या वाढते मी तिला! थोरल्या जावेनं सांगितलं, सासूबाईंच्या हातच्या वड्या गावात नावाजलेल्या, म्हणून! कावळा पण दर वर्षाला वड्या सोडून भातच खायचा, तरी मला मेलीला कळलं नाही!"

अक्षदाही हसायला लागली, न कळून. समोरच्या बांधकामावरचा मिस्त्री थांबून बघायला लागला.

हसू ओसरल्यावर मोतीबाई पुस्तकावर तळहात ठेवून बसल्या. "मुलांस विचारते, म्हणते," त्या हळूच म्हणाल्या. "ती गेली तेव्हा आमचे हे हिच्याएवढे होते." त्यांनी अक्षदाकडे मान वळवली. "धाकटे ना. मास्तर शाळेत, मोठे भाऊ शेतात. हे पायरीवर बसून राहायचे म्हणे, दिवस दिवस. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. म्हातारपणी पण पायरीवरच जेवायचे, ताट घेऊन. मी ओरडायची." त्यांनी पुस्तक नेत्राच्या हातात परत दिलं. "पुस्तक छापलंस की एक मला दे. पुढच्या नवमीच्या आत आलं तर बरं. काय वाढायचं ते कळेल."

"नवमीच्या फार आधी देते, आजी," नेत्रा म्हणाली. "आणि पहिल्या पानावर तुमचं नावही घालते, कुणी सांगितलं ते."

"माझं नको. तिचं मोठं घाल."

परतीच्या रिक्षात अक्षदा मांडीवर होती. पिशवीत पुस्तक, त्यावर मोतीबाईंनी दिलेलं कोकमांचं पुडकं. नेत्राने महेशला मेसेज टाकला, 'पुस्तक मोकळं. फ्रिजवरचा नंबर काढ.' त्याने अंगठा पाठवला आणि मागोमाग लाडवाचं चित्रही. मातीचा रस्ता संपून डांबरी लागला, रिक्षा उडायची थांबली.

"आई."

"हं?"

"त्या पुस्तकातल्या आजी लवकर गेल्या म्हणून तू आता घरी राहणार ना?"

"हो गं. म्हणजे... हो."

अक्षदाने जरा विचार केला.

"मग त्यांच्या मुलाजवळ कोण राहिलं?"