मला न दिसलेलं दुखणं

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, खिडकीचाही नव्हे. मित्रांनो, मी सोनोग्राफी मशीनचा काचेचा पडदा. पोटातलं बाळ दाखवणारे माझे भाऊबंद तुम्हाला ठाऊक असतील. माझ्या वाट्याला मात्र खांदे आले.

कारखान्यात मला मशीनवर बसवलं आणि पाण्याच्या भांड्यात ताणलेला एक बारीक दोरा दाखवायला लावला. दोरा माझ्यावर स्वच्छ उमटला आणि मी पास झालो. तेव्हापासून माझी समजूत झाली की आत जे जे आहे, ते मी दाखवतोच.

पुढे मी खांद्याच्या दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या आणि गार जेल लावण्याआधी पेशंटची माफी मागायच्या. खांद्याच्या स्नायूला हाडाशी बांधणारी एक दोरी असते. कधीकधी तिच्यात चुन्याचा खडा साठतो आणि हात वर करणं मुश्कील होतं. काहींचा खडा दगडासारखा कडक असतो. माझ्यावर त्याच्यामागे काळीभोर सावली पडते. काहींचा ओल्या खडूसारखा मऊ असतो; त्याची सावली फिकट. मऊ खडा सुईने धुऊन काढता येतो आणि अशा माणसाला बहुधा लवकर आराम पडतो. बाई माझ्याकडे बघून तसं आधीच सांगायच्या आणि बहुतेक वेळा ते खरं व्हायचं. लोक माझं कौतुक करायचे. मला कॉलर असती तर मी ती ताठ केली असती.

एकदा दोघी बहिणी आल्या. दोघी मिळून बायकांचे केस कापायचं दुकान चालवायच्या. दिवसभर हात वर, त्यामुळे दोघींचाही उजवा खांदा धरलेला. धाकटी म्हणाली, की आईने सगळं वाटून घ्यायला शिकवलं, म्हणून दुखणंही वाटून घेतलं. थोरलीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

थोरलीचा खडा मऊ निघाला. धाकटीचा कडक, कडा रेखीव, सावली काळीभोर. बाईंनी मला त्यांच्याकडे वळवलं. थोरलीला लवकर बरं वाटेल, असं त्या म्हणाल्या. धाकटीला ध्वनिलहरींचे ठोके देऊन बघू, पण वेळ लागेल, कदाचित गुण येणारही नाही.

त्या बोलण्यावर दुकानाची घडी बसली. थोरलीने नवी गिऱ्हाइकं घेतली. धाकटीने आपली कात्री बहिणीच्या खणात ठेवली आणि ती केस धुण्याच्या कामाला लागली.

थोरलीच्या खांद्यात सुई गेली तेव्हा वाट मीच दाखवली. दुधासारखं पांढरं पाणी बाहेर आलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

काही आठवड्यांनी दोघी परत आल्या. ठोके देऊनही धाकटीचा खडा जसाच्या तसा होता, पण तिचा हात सरळ वर गेला. बहीण बघते आहे हे लक्षात येताच तिने तो ओशाळून खाली घेतला. थोरलीचा खांदा माझ्यावर अगदी कोरा दिसत होता. आणि तिचा हात कानापर्यंतही पोचत नव्हता.

सोबत आलेले तिचे यजमान वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मशीनमध्ये तर काहीच नाही. आता मनातनं काढून टाक."

मित्रांनो, त्या वेळी मला फुटून जावंसं वाटलं. माझा कोरेपणा तिच्या विरुद्ध साक्ष देत होता आणि मला तोंड नव्हतं.

"माझा अंदाज चुकला," बाई म्हणाल्या. "तुमचं दुखणं खरं आहे. ते का राहिलं, हे मात्र मला आज सांगता येत नाही."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खडा राहिला असता तर बरं झालं असतं. दाखवायला काहीतरी असतं."

व्यायाम झाले, इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या. दरम्यान माझे रंग उडाले. नवी मशीन आली आणि मला कोपऱ्यात ढकललं. तिचा पडदा माझ्या दुप्पट होता. थोरलीचा खांदा त्याच्यावर आला तेव्हा मी मनोमन विनवत होतो, बाबा रे, तुला तरी काही दिसू दे. त्यालाही काही दिसलं नाही.

बाई हात धुवायला गेल्या. थोरलीचे केस सुटले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस घडवणाऱ्या त्या बाईने हात मागे नेला, तो अर्ध्यातच अडकला. धाकटी तिच्यामागे उभी राहिली. तोंडात पिना धरून तिने अंबाडा घातला.

"घट्ट झाला का गं ताई?"

"नाही. राहू दे."

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राने जाताना आपली काळजी घ्यायला सांगावं, अशी रीत आहे. माझं काही मागणं नाही. अधूनमधून धूळ पुसलीत तरी पुरे. पण तुमच्या घरी कुणी दुखतंय म्हणालं आणि माझ्यासारख्या पडद्यावर काहीच दिसलं नाही, तर पडद्याची बाजू घेऊ नका. हात वर जात नसेल, तर केस बांधून द्या.