अक्षरबाईंचा टाक

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. माझी लाकडी दांडी अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झाली आहे आणि तोंडाशी पोलादी निब आहे. एका सुताराने खुर्चीच्या मोडक्या पायातून मला तासून काढले. त्याच्या मुलीला चित्रकथांच्या मासिकात अक्षरे काढण्याची नोकरी लागली होती. तिच्या हातात मला देताना तो म्हणाला, "दिवसभर लिहिलंस तरी हात भरून येणार नाही बघ."

कार्यालयात तिला सगळे अक्षरबाई म्हणत. चित्रकार चित्रे काढी, लेखक गोष्ट लिही आणि पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत त्यांचे बोलणे आम्ही दोघे भरत असू. लेखकाचा हात सढळ आणि फुगा एवढासा! एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या राक्षसाला एवढं बोलायचं असेल तर त्याचं डोकं उडवावं लागेल. जागाच नाही!" लेखकाने मुकाट्याने चार ओळी खोडल्या.

बाईंच्या हातात मी नाना तऱ्हेने बोलायला शिकलो. राग आला की अक्षरे जाड होत. भीती वाटली की शिरोरेषा थरथरे. कुजबुज असली की बाई श्वास रोखून मला अलगद टेकवत. काम संपले की माझे तोंड पुसल्याशिवाय त्या जेवायला उठत नसत. हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसते, मित्रांनो.

बारा वर्षांनी नवे संपादक आले. "आता छापील अक्षरं चिकटवायची. एकसारखी आणि झटपट!" त्यांनी फर्मान काढले. बाईंच्या हाती कात्री आणि डिंक आला. मी टाचण्यांच्या डब्यात जाऊन पडलो. निबेवर शाई वाळून खपली धरली. वाटले, संपले आपले.

तीन अंक तसे निघाले. मग एका दुपारी एक आई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली.

"हिला जन्मापासून ऐकू येत नाही," ती संपादकांना म्हणाली. "वाचते मात्र अधाशासारखी. पण आता तुमचं मासिक बाजूला टाकते. खुणेनं सांगते, यातले सगळे मुके झालेत."

संपादक हसले. "अहो, शब्द तर तसेच आहेत!"

मुलीने जुना अंक उघडला. जाड अक्षरांवर बोट ठेवून तिने टेबलावर मूठ आपटली. थरथरत्या शिरोरेषेवर बोट ठेवून खांदे थरथरवले. बारीक अक्षरांपाशी ओठांवर बोट नेले. मग नवा अंक उघडला आणि तळहाताने स्वतःचे तोंड गच्च झाकून घेतले.

संपादकांचे हसू मावळले. ते बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा टाक कुठे आहे?"

बाईंनी मला डब्यातून काढले, कोमट पाण्यात भिजत ठेवले आणि जुन्या मलमलीने घासून लख्ख केले. मुलगी टक लावून पाहत होती. मग तिने एका चिठ्ठीवर लिहिले, "माझा आवाज कसा?"

मला शाईत बुडवून बाईंनी दोनच शब्द काढले, "मी आले!" अक्षरे टपोरी, उड्या मारणारी, शेवटची शिरोरेषा पतंगासारखी वर गेलेली. मुलीने कागद छातीशी धरला आणि ती इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या खोलीतले छपाईवाले दार उघडून बघू लागले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षे काम केले. पुढे बाईंचा हात कापू लागला. चित्रकार म्हणाला, "बाई, आजीचं बोलणं तेवढं तुम्हीच लिहा. असा कंप आम्हाला कुणाला जमायचा नाही!" बाई खो खो हसल्या आणि आणखी दोन वर्षे गोष्टीतली आजी त्यांनीच बोलती ठेवली.

आता आम्ही दोघेही घरी असतो. मोडक्या खुर्चीचा मी एक तुकडा, पण मला चांगले हात लाभले आणि वाचणारे डोळेही. आणखी काय हवे? एकच मागणे आहे, मित्रांनो. हातातल्या साधनाला काम झाल्यावर पुसून ठेवा. आणि चित्रकथा वाचताना अक्षरांपाशीही जरा थांबा. कुणीतरी मान मोडून ती तुमच्यासाठी बोलती केलेली असतात.