दुसरी भट्टी

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचं. गल्लीत तेव्हा एकच फोन होता, तोही बेकरीत. कुणाचं बाळंतपण असो, नोकरी असो की मयत, बातमी आधी बेकरीवाल्याच्या कानावर पडायची आणि मग घरच्यांच्या. त्याच वर्षी गल्लीची सलोखा समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी ती संपलीही.

बेकरीच्या समोरच शिवणबाईंचा क्लास होता. पुढच्या खोलीत चार मशीनं, मागे स्वयंपाकघर, मधल्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो. बाईंकडे कापड टाकलं की चिंधीसकट परत मिळायचं. कापड कमी पडणार असेल तर तोंडावर सांगायच्या, "होणार नाही. झालंच तर काखेत दाटेल." गल्लीत भांडण झालं, कुणी काय म्हटलं यावरून वाजलं, की दोन्हीकडचे म्हणायचे, "बाईंना विचारा." बाई म्हणाल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बेकरीवाला दुसऱ्या धर्माचा. त्यांची घरं गल्लीत बोटांवर मोजण्याइतकी. पण बाईंचे यजमान गेले तेव्हा रोज सकाळी दारात कागदात गुंडाळलेला गरम पाव असायचा, न सांगता, न विचारता. कधीपासून कधीपर्यंत, ते बाईंनाही आठवत नसे. तो त्यांना ताई म्हणायचा. त्याच्या बायकोला त्या वहिनी म्हणायच्या, म्हणजे तो आपोआपच भाऊ झाला.

शहरातल्या एका संस्थेकडून शिबिर घ्यायला एक तरुण सर आले. खांद्याला झोळी, हातात रंगीत खडूंचा डबा. शाळेच्या हॉलमध्ये समितीची माणसं गोल करून बसायची. निवृत्त पोस्टमास्तर अध्यक्ष होते, कारण त्यांच्याकडे कोट होता. सर खेळ घ्यायचे. एकदा त्यांनी अदलाबदल करायला लावली. बेकरीवाल्याने समोरच्या गर्दीचा पुढारी व्हायचं आणि पोस्टमास्तरांनी घरात अडकलेला माणूस.

बेकरीवाला बाकावर चढला आणि मूठ उगारून ओरडला, "बाहेर ये, तुझा पाव कच्चा असतो!"

हॉल हसून लोळला. पोस्टमास्तर बाकाखालून म्हणाले, "अहो, शिवी तरी नीट द्या. मला भीतीच वाटेना."

"काका, मला येत नाही हो. तुमच्यापैकीच कुणीतरी शिकवा."

त्यावरही सगळे हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या दाराजवळ बसून ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

पुढच्या बैठकीत सरांनी अफवेचा विषय काढला. अफवा कशी चालते हे नुसतं सांगून कळत नाही, ते म्हणाले. आपणच एक सोडू. निरुपद्रवी. आठवडाभर फिरू देऊ आणि परत आली की तिचं काय झालं ते पाहू.

"पण अगदीच मिळमिळीत नको," सर म्हणाले. "कान टवकारले गेले पाहिजेत."

बेकरीवाल्याने हात वर केला. "माझ्यावर सोडा. मी काही रागावणार नाही. म्हणा, बेकरीवाला मागच्या आवारात दुसरी भट्टी बांधतोय. तेवढंच लोकांना वाटेल, धंदा जोरात आहे."

"घराच्या नावाने खोटं कशाला बोलायचं?" वहिनी पहिल्यांदाच बोलल्या.

"अगं, भट्टीच तर म्हणताहेत. तोफ नाही."

आता पहिलं तोंड कुणाचं, असा प्रश्न आला. सरांनी गोलावर नजर फिरवली आणि ती शिवणबाईंवर थांबली.

"मला नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "माझी जीभ अडखळते."

"म्हणूनच तुम्ही. दुसरं कुणी बोललं तर लोक विचारतील, खरं का? तुम्ही बोललात की कुणी विचारणार नाही. हे सगळं भल्यासाठीच आहे ना, बाई?"

बाईंनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो डोळे मिचकावून म्हणाला, "बोला हो ताई. एक खोटं माझ्या खात्यावर."

नळावर दुसऱ्या दिवशी रेडिओमावशी होत्याच. त्यांना हे नाव गल्लीने दिलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. बाईंनी बादली नळाशी ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "भाऊ मागच्या आवारात दुसरी भट्टी बांधताहेत म्हणे." कान गरम झाले त्यांचे. मावशींनी नुसतं "हो का?" म्हटलं आणि घागर अर्धीच भरून त्या निघाल्या.

आठवड्याने हॉलमध्ये सगळे जमले. जो तो आपल्या कानावर आलेलं सांगू लागला आणि सर फळ्यावर वेगवेगळ्या रंगांत लिहू लागले. दुसरी भट्टी. मग जमिनीखालची भट्टी, कारण वरून धूर दिसत नव्हता ना! मग जमिनीखालची खोली. पोस्टमास्तरांच्या मुलाने न्हाव्याकडून ऐकलं होतं की खोलीत पेट्या उतरवल्यात. पेट्यांत काय ते न्हावी सांगत नव्हता, पण त्याने वस्तरा थांबवून भुवई उडवली होती.

"भुवई!" सर आनंदाने ओरडले. "भुवईसुद्धा लिहू या!" हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बेकरीवाला पोट धरून म्हणाला, "एवढी खोली असती तर सासुरवाडीच्या माणसांची झोपायची सोय झाली असती." सरांनी फळ्याचा फोटो काढला. इतका छान प्रयोग कुठेच झाला नव्हता.

हसणं ओसरल्यावर वहिनींनी विचारलं, "आता हे परत कोण आणणार?"

"त्याचं वेगळं सत्र आहे, वहिनी. अफवेचं निवारण. पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात सर आले नाहीत. संस्थेने त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं होतं. तिथे जास्त निकड होती म्हणे. निवारणाचं सत्र राहिलं ते राहिलंच. समितीची माणसं बैठकीत बसली होती, त्यांना ठाऊक होतं सगळं खोटं आहे. त्यांच्या लेखी विषय संपला. बाईंच्या लेखी मात्र संपला नव्हता. समोर बेकरीची पाटी दिसली की त्या मान खाली घालायच्या. एके सकाळी नळावर त्यांनी मावशींना बाजूला घेतलं.

"मावशी, ते भट्टीचं मी बोलले ना, ते खोटं होतं. तसलं काही नाही. शिबिरातला खेळ होता."

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, बाईंचा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "समजलं मला. विषय काढायचा नाही. घाबरू नका, माझ्या तोंडून जायचं नाही."

"अहो, समजलं काय? नाहीच आहे काही!"

"नाहीच आहे. बरोबर," मावशी म्हणाल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

बाईंनी न्हाव्याला सांगून पाहिलं, दूधवाल्याला सांगून पाहिलं. सांगताना त्यांच्या लक्षात यायचं, समोरच्याचे डोळे बारीक होताहेत. बाई एवढ्या कळवळून सांगताहेत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. शेवटी त्यांनी सांगणं सोडलं. न बोललं तर विसरतील लोक, असं त्यांना वाटलं.

वर्ष सरता सरता दूरच्या एका गावात दंगलीत दोन्हीकडची माणसं मेली. कुठून सुरुवात झाली ते प्रत्येक वर्तमानपत्र वेगळं सांगत होतं. गल्लीत काही झालं नाही. फक्त बेकरीसमोरची सकाळची रांग आखूड झाली आणि पंक्चरवाल्याच्या दुकानात दिवसभर माणसं उभी दिसू लागली. पंक्चरवाला बाईंच्या देखत वाढलेला. त्याचा शाळेचा शर्ट बाईंनीच शिवला होता, वाढत्या अंगाचा, दुमड सोडून.

बाईंनी पांढऱ्या कापडाच्या दंडपट्ट्या शिवल्या. शिबिरात ठरलं होतं तसं. संकट आलं की समितीने पट्ट्या बांधायच्या, घरासमोर हातात हात घालून उभं राहायचं, आवाज चढवायचा नाही. आणि ज्याच्या दारात गर्दी येईल त्याने काही लपवायचं नाही. दार लावलं की संशय वाढतो, सर म्हणाले होते.

एका दुपारी गर्दी आली. कुदळी घेऊन.

बाई मशीनवरून उठल्या, तशाच, बोटात अंगुस्तान. समितीतली पाच-सहा माणसं धावत आली. बाकीच्यांची दारं लागलेली होती. पोस्टमास्तरांना पट्टी बांधता येईना. बाईंनीच बांधली. मग सगळे हातात हात घालून बेकरीच्या पायरीवर उभे राहिले.

पंक्चरवाला पुढे आला. अदबीने म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. तुमच्याशी कुणाचं वैर नाही. मागे काय पुरलंय तेवढं बघायचंय."

"काही पुरलेलं नाही. मी सांगते ना! ती भट्टीची गोष्ट माझी आहे. मी सोडली. नळावर, माझ्या तोंडाने. खोटी होती!"

गर्दी क्षणभर थबकली. बाईंना वाटलं, जमलं.

"बाई," पंक्चरवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच माया होती, "तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तेव्हाही बोलला नव्हतात. आज बोलताय, कारण या लोकांनी तुम्हाला भीड घातलीय."

"बाईंच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच तर आपण आलो."

तेवढ्यात मागून बेकरीचं दार उघडलं. बेकरीवाला बाहेर आला. अंगावर पीठ, दंडाला पांढरी पट्टी. त्याचीही होती ना, तोही समितीतलाच. वहिनी आतून त्याचा सदरा ओढत होत्या, तो त्याने सोडवून घेतला.

"या, बघा," तो म्हणाला. "लपवायचं काय आहे? कुदळी कशाला, माझं फावडं घ्या." आणि भिंतीला टेकलेलं फावडं त्याने स्वतःच्या हाताने पुढच्या माणसाला दिलं.

मागच्या आवारात खणणं सुरू झालं. माती, मग राख, मग परत माती. घामाने निथळलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एकदोघांनी कुदळी खाली ठेवल्या. बाई कुंपणाशी उभ्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती माणसं हात झटकून निघून गेली असती, असं त्या पुढे कितीतरी वर्षं म्हणत.

मग कुदळ विटेवर वाजली.

"भिंत! भिंत लागली!"

विटा होत्या खऱ्याच. काळ्या पडलेल्या, गोल रचलेल्या. बेकरीवाला खड्ड्याच्या काठावर वाकला आणि चक्क हसला. "अरे, ही माझ्या बाबांची भट्टी! मोडली तेव्हा इथेच गाडली. लहानपणी तुम्ही सगळ्यांनी हिच्यातलाच पाव खाल्लाय..."

बाईंना पुढचं ऐकू आलं नाही, कारण सगळे एकदम ओरडत होते. फावडं कुणाच्या हातात होतं ते त्यांनी पाहिलं. त्याच माणसाच्या, ज्याला भाऊंनी ते दिलं होतं. तो पंक्चरवाला नव्हता. पण "धरा" कोण म्हणालं, तेही बाईंनी ऐकलं होतं.

बेकरीवाला हॉस्पिटलात वारला, शुद्धीवर न येताच.

खटला चालला. बाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि पाहिलं तसं सांगितलं. समोरचा वकील फार काही बोलला नाही.

"आवारात भट्टी बांधली जातेय असं तुम्ही नळावर सांगितलंत?"

"हो."

"ते खोटं आहे हे माहीत असून?"

"हो. पण ते शिबिरात..."

"एवढंच विचारायचं होतं."

सगळे सुटले.

पंक्चरवाल्याने पुढे टायरचं मोठं दुकान काढलं. बाई दिसल्या की तो उठून उभा राहायचा. बाईंनी त्याच्याकडे कधी पाहिलं नाही, पण त्याने उठायचंही कधी सोडलं नाही. फावडंवाला गल्ली सोडून गेला. तो कुठे गेला, ते कुणी विचारलं नाही. पोस्टमास्तर पुढच्याच हिवाळ्यात वारले. कोटाच्या खिशात पांढरी पट्टी घडी करून ठेवलेली सापडली. रेडिओमावशी बरीच वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "मी तर एकीलाच सांगितलं होतं." शिबिरवाले सर एकदा आले, बाईंच्या क्लासमध्ये बसले, पाण्याचा पेला हातात धरून ठेवला आणि न पिताच गेले. नंतर ते एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागले, असं कळलं. त्यांचा तो प्रयोग मात्र संस्थेच्या इतर शिबिरांत चालू राहिला. छान होतो म्हणे.

वहिनी माहेरी भावाकडे गेल्या. निघताना त्या समोर आल्या, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. बाईंनी हात पुढे केला. वहिनींनी तो धरला नाही, झिडकारलाही नाही. "तुम्ही चांगल्या आहात, ताई," त्या म्हणाल्या. "चांगल्या माणसांनी बोलायला नको होतं." त्यानंतर त्यांची काही खबर आली नाही.

बेकरीच्या जागी इमारत झाली. बाई म्हाताऱ्या झाल्या, मशीनं चारांची दोन झाली, पण क्लास चालूच होता. मधूनच एखादी नवी मुलगी काजं करता करता विचारायची, "बाई, समोर पूर्वी भुयार होतं ना?"

बाई कात्री खाली ठेवत. चष्मा काढत. आणि पहिल्यापासून सगळं सांगत. शिबिर, नळ, फळा, बाबांची भट्टी, काहीही न गाळता. मुलगी मान हलवत ऐके.

मग क्लास सुटे. पायरीवर चपला घालताना ती मुलगी मैत्रिणीला हळूच म्हणे, आणि बाईंचे कान शेवटपर्यंत शाबूत होते, "बाई नाही म्हणतात गं. पण काहीतरी होतंच तिथे."