छताखालचा आवाज

आमच्या शाळेत ट्रेनी म्हणजे ज्याला कोणीही, कधीही, काहीही सांगावं असा माणूस. मी नाटकाची ट्रेनी शिक्षिका. पण सकाळी पोरींच्या वेण्या आणि नखं बघायची मी, मेसमधली दुधावरची भांडणं सोडवायची मी, संध्याकाळच्या अभ्यासाला पेंगणाऱ्यांना जागं ठेवायचं मी, आणि त्यांच्यासोबत पेंगायचं तेही मीच. यातून जो वेळ उरेल त्यात नाटक. भिलाईच्या कडेला, रिसालीच्याही पुढे असलेल्या या निवासी शाळेत माझं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षीची हौस आता कोणी गरम पाण्यात पाय बुडवून बसू दिलं तरी पुरे, इथवर उतरली होती.

प्राचार्य कमलेश सरांनी सांगून ठेवलं होतं, "रश्मी मैडम, ॲन्युअल डे का नाटक जम गया तो आपको परमनंट कर देंगे. नहीं तो फिर देखेंगे." हे 'फिर देखेंगे' माझं एकदा ऐकून झालेलं होतं. नाटकात पाण्याचा संदेश हवा, आणि मागच्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू यायला हवा, एवढं सांगून सर मोकळे झाले. तालमीला एकदाही फिरकले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

मी नाटक लिहिलं. गावचं तळं विकायला निघालेला मालगुजार, आणि गावाला जागं करणारी मुनादीवाली, म्हणजे दवंडी पिटणारी, पोरगी. गळ्यात डफडं अडकवून ती सगळ्यांत आधी येणार, "सुनो, सुनो, सुनो!" म्हणणार, आणि मग गाव गोळा होणार. तीच ऐकू आली नाही तर नाटक तिथंच संपलं.

निवडचाचणी मी मैदानावर घेतली. आठवीतल्या दामिनीनं गोलपोस्टजवळून अशी हाक दिली की मेसमधली बाई लाटणं हातात घेऊन बाहेर आली. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तालीम लावली, तर दामिनीचा आवाज गेलेला. सर्दी नाही, घसा बसलेला नाही, नुसता गेलेला. ओठ हलताना दिसत होते. मोना नावाची तिची वर्गमैत्रीण म्हणाली, "मैडम, इसका सेल डाउन हो गया," आणि सगळे खिदळले. ही मोना प्यायला पाणी मागते तेही भांडण काढल्यासारखं. सरांपर्यंत बातमी गेली. निरोप आला, मोना को ले लो.

मी दामिनीला व्हरांड्यात नेलं. शाळेत सगळा कारभार हिंदीत चालतो, पण आम्ही दोघी एकट्या असलो की मराठीत बोलतो.

"कावून व? ग्राउंडवर तर सारा गाव उठवला. इथं काय झालं तुले?"

"छत आलं का बोलताच नाही येत, मॅडम."

"म्हणजे?"

"घरी बाबा दिवसा झोपून राहते ना. मंग हळूच बोला लागते." थोडं थांबून म्हणाली, "मी मुद्दाम नाही करून राहिली. आपोआपच होते."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. तिचे बाबा, केवलराम, रसमड्याच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. कायमची रात्रपाळी. आई गेल्यावर रात्री पोरीला एकटं घरी कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी तिला इथं होस्टेलला घातलेलं. आणि मीही तसल्याच घरातली. आम्ही गोंदियाकडचे. वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले आणि सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. ज्या खिडकीला दिवसा चादर अडकवलेली असे, त्या घरात नाइट करून आलेला माणूस झोपलाय, हे सगळ्या गल्लीला कळायचं. तिथून जाताना भाजीवाला मुकाट्यानं गाडी ढकलत न्यायचा. आई कुकरची शिट्टी होण्याआधीच तो गॅसवरून उतरवायची. आम्ही बहिणी हातवाऱ्यांनी भांडायचो आणि मार खातानाही ओरडायचो नाही. नागपूरला नाट्यशास्त्र शिकायला गेले तेव्हा पहिलं वर्षभर आमचे सर मला 'मूकनाट्य' म्हणायचे. म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं कोणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझा आवाज मी काढला होता. हिचाही काढीन, अशी मला जिद्द चढली. दमलेल्या माणसाला जिद्द चढू नये. ती उतरवायला वेगळी ताकद लागते.

मी सरांना जाऊन सांगितलं, "दामिनी ही करेगी." सर म्हणाले, "ठीक है, आपकी जिम्मेदारी."

मग रोज अभ्यासाच्या तासाआधी आम्ही दोघी. आधी मैदानावर. मग व्हरांड्यात, एक पाय आत, एक बाहेर. मग हॉलमध्ये सगळी दारं उघडी टाकून. मग एकेक दार लावत. खूण ठरली होती: मी विंगेतून तळहात वर उचलला की आवाज चढवायचा. कधी कधी ती चिडून रडायची, कधी मीच चिडायचे. सगळी दारं लावलेली असताना तिची हाक पहिल्यांदा मागच्या भिंतीला लागून परत आली, तेव्हा ती स्वतःच दचकली. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी पेंगले नाही.

कार्यक्रम फेब्रुवारीत, भर दुपारी होता. केवलराम दुपारपर्यंत लांबलेल्या रात्रपाळीवरून थेट आले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली कामावरची पँट, हातातल्या पिशवीतून हेल्मेट डोकावत होतं. लाल डोळ्यांनी ते मागे भिंतीला टेकून उभे होते. कारखान्याच्या माणसाला शाळेत कुठं बसायचं ते कळत नाही. मी त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर बसवलं, बरोबर पंख्याखाली.

"इथून बरोबर आयकू येईन, भाऊ."

"मले मागंच बरं होतं, मॅडम जी," ते म्हणाले, पण बसले.

नाइट करून आलेल्या माणसाला गादीवर, पंख्याखाली बसवलं. शिफ्टच्या घरातली पोरगी मी! प्लांटच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. स्वागताची भाषणं सुरू झाली आणि केवलरामांची मान हळूहळू छातीवर आली.

पडदा उघडला. दामिनी डफडं घेऊन आली, काठी उचलली आणि जोरात म्हणाली, "सुनो!" हॉल दणाणला. विंगेत मी मूठ आवळली. मग तिनं समोर पाहिलं. दुसरं "सुनो" निम्मंच आलं. तिसरं तिच्या गळ्यातच राहिलं. काठी तिनं डफड्यावरून बाजूला घेतली आणि बोटांच्या टोकांनी ते नुसतं कुरवाळल्यासारखं वाजवलं.

तिचा आवाज उतरला तसा बाकीच्या पोरांचाही उतरला. नाटकात समोरचा हळू बोलला की आपलाही आवाज खाली येतोच. तळ्याच्या विक्रीला विरोध करणारं अख्खं गाव कुजबुजायला लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" तर दामिनीनं, चालू नाटकात, ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. हशा पिकला. कमलेश सर पाहुण्यांशेजारून मान वळवून विंगेकडे बघायला लागले.

शिपाई ओमप्रकाश माझ्या कानाशी आला. "मैडम, वो भैया को उठा दूँ क्या? बच्ची उसी को देख रही है."

एका धक्क्याचं काम होतं. केवलराम जागे झाले असते, दामिनीचा आवाज परत आला असता, आणि मी परमनंट झाले असते. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात पिशवीवर, पाय सैल सुटलेले. किती दिवसांची झोप साठली होती कोण जाणे. माझे वडील असेच झोपायचे, आणि त्यांना कोणी उठवलं तर आई जेवायची नाही. मला एकदम रडू आलं.

"राहू दे," मी म्हटलं. "सोने दो."

दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. खुणेसाठी वर गेलेला माझा तळहात मी खाली घेतला. तिनं मान हलवली आणि उरलेलं नाटक तसंच, हळूच, एकही वाक्य न चुकता पूर्ण केलं. सगळं मुसळ केरात. पण त्या मुलीचा मला इतका अभिमान वाटला, तो कोणाला सांगणार?

टाळ्यांनी केवलराम खडबडून जागे झाले आणि उभे राहून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवायला लागले. सर जाता जाता मला म्हणाले, "कुछ सुनाई ही नहीं दिया, मैडम. ट्रेनी में एक साल और रहिए. फिर देखेंगे."

पाहुण्यांची गाडी गेली. केवलराम लाजेनं अर्धे झालेले.

"मॅडम जी, माफी करा. डोळा लागला. पोट्टीचा आवाज बरोबर आला का जी?"

"आला, भाऊ. मागपर्यंत आला."

दामिनी त्यांचा हात धरून म्हणाली, "झोप झाली ना, बाबा?"

ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघाली. मी हॉलच्या पायरीवर बसले, चपला काढल्या. उठायचं त्राण नव्हतं. खुर्च्या परत न्यायला नुकताच आलेला टेंटवाला त्या एकात एक घालत होता. मैदानाच्या मधोमध केवलराम थांबले, काहीतरी म्हणाले, खाली पिशवी ठेवली. दामिनीनं डफडं गळ्यात सरळ केलं. वर नुसतं आभाळ.

"सुनो, सुनो, सुनो!"

मेसमधली बाई बाहेर आली. पलीकडच्या रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकवून थांबला. केवलराम पोरीसमोर उभे राहून, हात छातीवर बांधून, मान हलवत ऐकत होते.

टेंटवाल्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली.

"मैडम," तो म्हणाला, "इस लड़की को लेना था ना नाटक में."