अकरा ठोके

"आता ऐक. पाणी भरलं की सुरू होईल," जिन्याच्या वरच्या पायरीवरून आर्डिस म्हणाली. खाली यायला ती तयार नव्हती.

नॉर्मा क्विस्ट तळघरात मशीनच्या झाकणावर हात टेकून उभी होती. गावातला कारखाना बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. तयार झालेली कपडे धुण्याची मशीनं बंद खोलीत चालवून ऐकायची, आवाजात खोट वाटली की लाल चिठ्ठी लावून परत पाठवायची. तिच्या चिठ्ठीवर कधी कुणी वाद घातला नाही. घरी मात्र तिला रेडिओसुद्धा सहन होत नसे.

पाणी थांबलं. मोटर घुमली. आतल्या चुंबकानं दांडा ओढला, खट झालं, आणि कपडे घुसळायला लागले. त्या घुसळण्याच्या तळाशी आणखी काहीतरी वाजत होतं. टक टक टक टक, घाईघाईनं, कुणी बोटांच्या पेरांनी काच वाजवावी तसं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"माझा ग्लेन असाच ठोकायचा. पुढच्या दारानं कधी आला नाही पोरगा. जमिनीलगतच्या त्या खिडकीवर वाकून ठोकायचा, मग मी मागचं दार उघडायचे. दीर म्हणतो, मशीन भंगारात टाक. पाद्रीबाबा म्हणतात, प्रार्थना कर. म्हटलं, आधी नॉर्माला ऐकवते."

तीन-चार मिनिटांत ठोकणं विरत गेलं.

"मशीन किती दिवस बंद होतं?" नॉर्मानं विचारलं.

"तो गेला तेव्हापासून. वर्ष होत आलं. हल्ली रविवारी तेवढं लावते."

नॉर्मानं मशीन बंद करून मागचा पत्रा काढला, पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हा रबरी पट्टा एकाच जागी कप्पीला बिलगून बसला. त्यात इथली थंडी. तिथं त्यानं वाक धरलाय. फिरताना तो वाक कप्पीवर आला की टक. गरम झाला की सरळ होतो आणि आवाज जातो. रोज कपडे लावलेस तर वाजणारही नाही."

"म्हणजे तो नाही."

"नाही, आर्डिस."

आर्डिस एकेक पायरी उतरत आली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

"त्या दुपारी खिडकीखाली बर्फात त्याच्या बुटांचे ठसे होते," ती म्हणाली. "मशीन चालू होतं. मी इथंच घड्या घालत होते. दार उघडलं नाही म्हणून परत गाडीत जाऊन बसला असेल. पुलावर गाडी घसरली." मग तिनं विचारलं, "तुझं तर कामच ते. या आवाजात खिडकीवरचं ठोकणं ऐकू येतं का गं? खरं सांग."

 पिशवीतून आणलेला नवा पट्टा नॉर्मानं चढवला, पत्रा बसवला, मशीन पुन्हा सुरू केलं.

"बाहेर जा. ठोकून बघ," ती म्हणाली.

आर्डिस कोट चढवून गेली. नॉर्मा घड्या घालायच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. नव्या पट्ट्याचा आवाज मऊ होता. घुसळण ठेक्यात चालली होती, पाणी डचमळत होतं. आणि त्या सगळ्याच्या वर, कोरडं आणि स्वच्छ, काचेवर बोटाचं हाड वाजलं. सवयीनं नॉर्मा मोजत गेली. आठव्यानंतर जरा थांबून आणखी तीन. अकरा.

आर्डिस आत आली तेव्हा तिच्या गुडघ्यांना बर्फ चिकटलं होतं.

"सात-आठदा ठोकलं असेल मी. आलं ऐकू?"

"नाही," नॉर्मा म्हणाली. "एवढ्या घुसळणीत कसं येणार? काहीच नाही आलं."

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि टेबलावरची चादर तिनं झटकली. नॉर्मानं दुसरी बाजू धरली. टोकांना टोकं जुळवताना दोघींची बोटं एकमेकींना लागली. आर्डिसची बर्फासारखी गार होती, आणि ती तिनं लगेच काढून घेतली नाहीत.