पांढऱ्या कोंबड्यांची साक्ष

मी जात्याच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, आणि लग्नानंतर तर सासरे नुसते खाकरले तरी माझ्या हातातली वाटी खाली पडायची. पण सत्तावन्न सालच्या वैशाखात मी जी भ्याले, त्यापुढे हे सगळं पोरखेळ.

आमचं गाव किन्हीराजापासून दोन कोसांवर. माझे सासरे पुंजाजी पाटील. विकास ब्लॉकच्या साहेबांनी त्यांना बारा विलायती कोंबड्या दिल्या, पांढऱ्याशुभ्र आणि लालभडक तुऱ्याच्या. त्यांचं घर हवेशीर करा, पुढे जाळीचं अंगण ठेवा, दाटीवाटी करू नका, असं साहेबांनी तीनतीनदा बजावलं होतं. सासऱ्यांनी मान डोलावली आणि केलं आपल्या मनाचंच. त्यांना मुंगसाची भीती, चोराची भीती आणि सगळ्यांत जास्त नजर लागायची भीती. म्हणून दगडमातीचं कमरेलाही न पोचणारं खुराडं बांधलं, वर टिनाचा पत्रा ठोकला आणि एवढ्याशा दाराला बैठकीतलं कुलूप लावलं. गावठी कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर हिंडतात, त्यांना रात्रीपुरतं खुराडं चालतं. या बिचाऱ्या दिवसरात्र आतच. अंडी काढायची झाली की आमचे हे एकेकीला पायाला धरून उलटी ओढायचे. पाटलांच्या घरात बोलणार कोण?

वैशाखात पत्रा तापला. एका दुपारी मी पाणी ठेवायला गेले तर आतून फडफड नाही, ओरडणं नाही, नुसती टकटक. दार उघडून पाहिलं. एका कोंबडीच्या शेपटीखाली रक्त होतं आणि बाकीच्या तिथेच टोचत होत्या. भांडत नव्हत्या, दाणे टिपावेत तशा शांतपणे टोचत होत्या. चार दिवसांत तीन कोंबड्या गेल्या. कोंबडी कोंबडीला खाते हे आमच्या गावात कुणी ऐकलंही नव्हतं.

"हे साधं नाई," शेजारची कमलीबाई म्हणाली. तिचं वासरू नुकतंच मेलं होतं. "करनी हाये. आन् कोनं केली तेबी सांगतो. तुमच्या धुरपतानं. त्या कोंबड्या कोनाच्याच हाताले येत नाई, तिच्या मांडीवर मात्र डोळे मिटते. काहून?"

धुरपताबाई आमच्या कोठ्यात शेणपाणी करायची. नवरा नाही, मूल नाही. मी तिला माय म्हणायचे. कोंबड्या तिच्या मांडीवर निजायच्या हे खरंच होतं. कारण ती त्यांना कधी उभ्यानं धरायचीच नाही. आधी खाली बसायची, हात जमिनीवर ठेवायची, वाट पाहायची. मग छातीखाली तळवा घालून, पंख अंगाशी दाबून, पायांना आधार देऊन उचलायची. मी शंभरदा पाहिलं होतं. मी बोलायला हवं होतं. भ्याले. बोलले नाही.

पारावर चार मोठी माणसं बसली आणि सासऱ्यांनी निवाडा सांगितला. "येत्या सोमवारी कोंबड्या पारापुढं सोडू. तिच्याकडं गेल्या तं ती करनीवाली. मंग गावाच्या शिवेबाहेर. तोवर तिनं झोपडीतून निंघू नाई."

जाणारच होत्या तिच्याकडे! आणि शिवेबाहेर म्हणजे कुठे? एकदा का करणीवाली म्हटलं, की पंचक्रोशीत कुणी पाणीसुद्धा पाजलं नसतं. सोमवारला सहा दिवस होते. सहा दिवसांत कोंबड्या माझ्याही हाताला आल्या, तर एकट्या तिच्यावर बोट ठेवता येणार नाही, एवढंच मला सुचलं. पण मग बोट माझ्याकडे वळलं तर? मला चौथा महिना होता. पाटील आपल्या सुनेला शिवेबाहेर घालतील का, या एका प्रश्नावर मी स्वतःला आणि पोटातल्या जिवाला पणाला लावत होते.

दुपारी पुरुषमाणसं बाहेर गेली की पाण्याच्या निमित्तानं किल्ली माझ्याकडे असायची. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत आत हात घातला, आणि घाबरलेल्या माणसासारखाच झपकन घातला. त्या एकदम मागच्या भिंतीवर धडकल्या. एकीवर एक चढली, त्यांच्यावर आणखी चढल्या. ढीग सुटला तेव्हा तळाची गुदमरून मेली होती. माझी पाचावर धारण बसली. मी घरात सांगितलं, हिलाही बाकीच्यांनीच टोचलं.

"पाहा," कमलीबाई म्हणाली, "झोपडीत बसूनबी करून राह्यली."

माझं खोटं धुरपतामायच्या माथी बसलं.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडून नुसती खाली बसले. परसाला चारी बाजूंनी कूड होता. बऱ्याच वेळानं एक बाहेर आली, मग दुसरी. उन्हात डोळे मिचकावत उभ्या राहिल्या. मग एकीनं निंबाच्या सावलीत माती उकरली, पंख पसरले आणि अंगावर धूळ उडवत लोळली. पाहता पाहता आठही लोळू लागल्या. मी ज्वारीचे दाणे आधी जमिनीवर ठेवले, मग तळहातावर. कुणाची चाहूल लागली की पाण्याचं भांडं पुढे ओढायचे. चौथ्या दिवशी एक आपणहून माझ्या मांडीवर आली. तिचं कोमट अंग हाताला लागलं आणि मला रडू कोसळलं. टोचाटोची थांबली होती.

"पाहा," कमलीबाई म्हणाली, "तिले कोंडली तं कशा गुमान झाल्या."

मेली तरी तिची करणी, जगली तरी तिचीच. त्या बाईच्या तोंडात माती घालावीशी वाटली मला.

सोमवारी सकाळी सगळं गाव पारापुढे जमलं. धुरपतामायला समोर बसवलं होतं. सहा दिवसांत ती वाळून अर्धी झाली होती. आमच्या ह्यांनी कोंबड्यांवर झाकलेलं डालगं उचललं. आठ पांढऱ्या कोंबड्या माना उंच करून क्षणभर थांबल्या. मग एक निघाली, थेट धुरपतामायच्या दिशेनं. दुसरी तिच्या मागे. बायकांमधून हुंकार उठला.

मी बायकांमधून पुढे आले, सासऱ्यांसमोर पदर सावरायचंही विसरले आणि धुळीत बसून रिकामा तळहात जमिनीवर टेकवला.

आधी वळली ती दुसरी. मग बाकीच्या माना खाली घालून धावत सुटल्या. शेवटी ती पहिलीही परतली. आठही माझ्याभोवती. एक उडी मारून मांडीवर बसली.

कमलीबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, मग माझ्या पोटाकडे, मग लोकांकडे.

सासरे खाकरले.

"कोंबडी हाये बाप्पा," ते म्हणाले. "दाना देनाऱ्याले ओळखते. यात कायची करनी?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! तोच दाणा, त्याच कोंबड्या, तशीच मांडी. सहा दिवसांमागे जी करणी होती, ती पाटलाच्या सुनेच्या मांडीवर हुशारी झाली. सासऱ्यांनी लगोलग कोंबड्यांसाठी नवं मोठं घर बांधायचं बोलून टाकलं आणि धुरपतामायला म्हणाले, "जाय, कामाले लाग." चुकलं, असं कुणीही म्हणालं नाही.

लोक पांगू लागले. मी मांडीवरची कोंबडी छातीशी धरून मायजवळ गेले. "घे न माय," म्हटलं, "तुयीच हाये हे."

तिचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

"नको माय," ती हळूच म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

त्यानंतर अकरा वर्षं ती आमच्या कोठ्यात राबली. कोंबडीच काय, नुकतं जन्मलेलं वासरूसुद्धा तिनं चारचौघांत पुन्हा कधी कुरवाळलं नाही.