दोन्ही अंगांनी पॉलिश

पॉलिशदादांच्या हातून लाकूड कोरडं सुटलं, असं कधी झालं नव्हतं. खुर्ची असो, कपाट असो, नाहीतर शेजाऱ्याच्या काठीची मूठ असो, त्यांचा हात लागला की चकाकी यायचीच. गल्लीतली पोरं म्हणायची, "दादांसमोर फार वेळ उभं राहू नका, पुसून चमकवतील." दादा वर बघायचे नाहीत, पण मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्यांची नात ठमी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेणार होती आणि काय करावं ते तिला सुचत नव्हतं. एकदा दादांच्या कामाच्या खोलीचं दार तिला उघडेना. खांदा लावून ते ढकलत ती आत आली आणि म्हणाली, "आजोबा, हे दार कधी अडकतं, कधी गपगुमान उघडतं. मूड असतो का याचा?"

"लाकूड हवेतली ओल पितं बाई. पोट फुगलं की चौकटीत मावत नाही."

"मग उंचीला पण वाढतं का?"

"नाही ना. रेशांच्या आडवं फुगतं. उभं वाढायचं नाव घेत नाही."

ठमी तिथेच बसून राहिली. संध्याकाळी ती तिच्या वर्गातल्या चष्मिसला घेऊन आली. कागदासारखी पातळ लाकडी सालपटं दादांकडे खूप असायची. कपाटांच्या दारांवर चिकटवून उरलेली. त्यातली दोन या दोघांनी मागून घेतली. एकाचे रेशे लांबीत, दुसऱ्याचे रुंदीत, अशी दोन्ही पाठीला पाठ लावून चिकटवली आणि एक लांब पट्टी केली. हवा दमट झाली की एक सालपट ताणायला बघणार, दुसरं हटून बसणार आणि त्या भांडणात पट्टी वाकणार.

"आईबाबांसारखं," चष्मिस म्हणाला.

"तुझ्या आईबाबांसारखं," ठमी म्हणाली. "आमच्याकडे फक्त आई ताणते."

"ऐकतेय मी," आतून आई म्हणाली.

पट्टीचं एक टोक फळीवर खिळ्याने ठोकलं, दुसरं मोकळं सोडलं. मोकळ्या टोकामागे एका कागदावर खुणा केल्या : कोरडी, दमट, चिंब. वरून पारदर्शक डबा उपडा घालून आत गरम पाण्याची वाटी सरकवली. बघता बघता पट्टीने मान वळवली. ठमीने हाक मारली, "आजोबा, धावा, वाकली!" दादा हातातला कपडा टाकून खरंच धावले. त्या दिवसापासून हवेत जरा बदल झाला की हाक यायची, आणि दादा हातातलं काम टाकून उठायचे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलं शाळेत गेली होती. फळी दादांच्या कामाच्या टेबलावर होती. दादांनी ती उचलून उजेडात धरली आणि त्यांचा जीव कसनुसा झाला. डिंकाचे ओघळ, पेन्सिलीच्या रेघा, कडा खरखरीत. उद्या तिथे बाकीची पोरं दुकानातनं आणलेली चकचकीत यंत्रं मांडणार, आणि पॉलिशवाल्याच्या नातीचं लाकूड असं अनाथासारखं उभं राहणार. लोक काय म्हणतील?

"फळीला जरा हात मारतो," ते सुनेला म्हणाले.

"बाबा, तिला विचारून करा हं."

"पॉलिशला कसलं विचारायचं?"

लाखेचं पॉलिश तयारच होतं. कापसाचा बोळा कपड्यात गुंडाळून त्यांनी तो भिजवला आणि फळी घासून पुसून हात चढवला. खरोखर त्यांच्या मनात फक्त फळीच होती. पण फळी झाली तरी बोळा ओला होता, आणि ओला बोळा खाली ठेवायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तो हात पट्टीवरून गेला. सालपटाचे रेशे मधासारखे उजळले. एकदा उजळलेले बघितल्यावर दादा थांबतात कुठले? एक हात, वाळू द्यायचं, मग दुसरा, मग तिसरा. पट्टीची मागची बाजू भिंतीकडे होती, कुणाला दिसणारही नव्हती. पण त्यांना काम शिकवणारा उस्ताद मागची बाजू सोडली की डोक्यात टपली मारायचा. "दिसत नाही म्हणून सोडतोस? ओल मागूनच शिरते." दादांनी बोळा चिमटीत धरून पट्टीच्या मागे घातला आणि मागची बाजूही सोडली नाही.

मग तयार माल गुंडाळतात तशी त्यांनी फळी मऊ कपड्यात गुंडाळली. ठमी आल्यावर म्हणाले, "आता उघडायची नाही. उद्या तिथेच उघड. गंमत आहे."

शाळेच्या हॉलमध्ये ओळीने टेबलं लावली होती आणि प्रत्येक टेबलावर एक पाटी होती, 'हात लावू नये'. दादा म्हणाले, "ही पाटी माझ्या कामाच्या खोलीत हवी होती. गिऱ्हाईकं ओल्या पॉलिशवर बोटं उठवतात." ठमी हसली. तिने कपडा सोडला आणि थबकली.

"आजोबा, चमकतेय."

"मग? म्हटलं नव्हतं गंमत आहे?"

ठमीने पट्टीवरून बोट फिरवलं. तिने काही विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले, त्यांच्यामागे विज्ञानाच्या बाई. चष्मिस धावत जाऊन गरम पाणी घेऊन आला. वाटी सरकवली, डबा उपडा घातला.

डब्याच्या भिंती धुरकटल्या. पट्टीवर पाण्याचे बारीक थेंब धरले आणि गोल, टपोरे होऊन तसेच उभे राहिले. दादांनी वाकून बघितलं. थेंब असा उभा राहिला म्हणजे पॉलिश पक्कं बसलं, ओल आत जाणार नाही. त्यांना आधी बरंच वाटलं. एवढ्या वर्षांची सवय. मग त्यांची नजर थेंबांवरून पट्टीवर गेली.

ओल आत जाणार नाही. यासाठीच तर ते जन्मभर पॉलिश करत आले होते.

परीक्षक समोर उभे राहिले. ठमीने सगळं समजावून सांगितलं, ताणणारं सालपट, हटून बसणारं सालपट, कुठेही न अडखळता. सगळ्यांनी पट्टीकडे बघितलं. पट्टी सरळ उभी.

"ही वाकायला हवी ना?" परीक्षकांनी विचारलं.

"घरी वाकत होती सर."

"घरी सगळ्यांचंच चालतं." ते हसले, वाईट हेतूने नाही. चष्मिस म्हणाला, "सर, काल हिच्या—" आणि ठमीने त्याच्या पायावर पाय दिला.

परीक्षकांनी डबा उचलून फळी न्याहाळली. "काम मात्र सुरेख आहे. पॉलिश कुणी केलं?"

दादा तिथेच होते, टेबलापासून हातभर अंतरावर, मऊ कपडा हातात धरून. एक वाक्य बोलायचं होतं. मी केलं साहेब, पोरांचा काही दोष नाही, पॉलिशने ओल अडवली, त्यांची पट्टी खरी आहे. एवढंच. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण सगळा हॉल ते लखलखणारं लाकूड बघत होता, आणि दादा हातातल्या कपड्याची घडी घालत राहिले.

"आम्हीच केलं," ठमी म्हणाली.

"छान. पण प्रयोग चालणं जास्त महत्त्वाचं," परीक्षक म्हणाले आणि पुढे गेले. बाई मागे रेंगाळल्या, ठमीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही गेल्या.

शेवटी निकाल वाचला. ठमी आणि चष्मिसला एक प्रमाणपत्र मिळालं, 'सुबक मांडणी'साठी. घरी आल्यावर ठमीने ते दादांच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं आहे आजोबा."

आवाजात राग असता तर दादांना सोपं गेलं असतं. चुकून आलेली चप्पल ज्याची त्याच्या दाराशी नेऊन ठेवावी तसं तिने ते ठेवलं.

"ठमे, मला तिथे बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला गेली.

दादा खरखरीत पॉलिशकागद घेऊन पट्टी घासायला बसले. लाख रेशांत खोल गेली होती. वरची निघाली, आतली निघेना. आणखी घासलं तशी पट्टी झिजत गेली आणि मधोमध तडकली. जन्मात एकदा जरी मागची बाजू चुकारपणाने सोडली असती, तर निदान थोडी तरी वाकली असती. ठमी दारात उभी होती. "राहू दे आजोबा," ती म्हणाली. "प्रदर्शन झालं ना आता."

पुढे एकदा कोपऱ्यावरच्या सुताराने त्यांना रस्त्यात अडवलं. "काय पॉलिशदादा, धंदा बंद केलात की काय? तुमची नात माझ्याकडे सालपटं मागत होती."

"बरी दिलीस ना?"

"निवडून दिली. पण तुमच्याकडे ढीग असताना माझ्याकडे का?"

"पोरांचं काय सांगावं," दादा म्हणाले, आणि घराकडे वळले.

नवी पट्टी घरातल्या खिडकीत लागली. ओबडधोबड, डिंकाचे ओघळ तसेच. तिच्याखाली शाळेतून आणलेली ती पाटी होती, 'हात लावू नये'. सून म्हणाली, शेजारच्या लहान्यासाठी लावलीय, तो सगळं ओढतो. दादांनी मान हलवली. ठमीला त्यांनी विचारलं नाही.

ठमी त्यांच्याशी नीट बोलते. पाणी देते, चष्मा शोधून देते, थट्टाही करते. पट्टीकडे मात्र ती येताजाता स्वतःच बघते. हाक मारत नाही.

आज सकाळपासून हवा जड आहे. कामाच्या खोलीचं दार अडकलं, तेव्हाच दादांना कळलं. ते खिडकीशी आले. पट्टी चिंबच्या खुणेपाशी पोचली होती, इतकी ती कधीच वाकली नव्हती. ठमी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

दादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ती बाहेर येईल म्हणून तिथेच उभे राहिले.